कौतिकाबाईची पाव्हणी

कौतिकाबाईनं मला फसवलं. माझा बॅटरीवरचा नवा फवारणी पंप आणि शेडमधली पिकावरची सगळी औषधं घेऊन तिनं मला एक शेळी दिली, आणि चार महिन्यांनी ती शेळीही परत नेली. व्यवहार पुरा झाल्यावर माल उचलून नेणाऱ्याला आमच्या धंद्यात एक शब्द आहे. बाई आता हयात नाही, म्हणून तो इथं लिहीत नाही.

मी अंबादास, केदारखेड्याचा. शेळ्या-बोकडांचा व्यापारी. तीन भावांत धाकटा. शेतीच्या वाटणीत मला बांधाकडचा खडकाळ तुकडा आला, म्हणून सायकलच्या कॅरिअरवर बोकड बांधून बाजार करायला लागलो. भावांना लाज वाटली. आज माझा स्वतःचा पिकअप आहे आणि तेच भाऊ जालन्याला जायचं असलं की पुढच्या सीटवर बसायला येतात. भोकरदनपासून जालन्यापर्यंत मला कोणी जास्त भावानं जनावर विकलं असेल, तर त्यानं समोर यावं. मला राग लवकर येतो, हे खरं आहे. पण या धंद्यात शांत माणूस उपाशी मरतो.

कौतिकाबाई नदीपलीकडच्या टेकाडावर राहायची. तिथं भिल्लांची वस्ती आहे, पंचवीसेक घरं. माणसं खुरपणी-वेचणीला आमच्या गावाच्या शेतांत येतात, दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, आणि गावात कोणाची कोंबडी हरवली तरी पहिल्यांदा त्यांचंच नाव निघतं. बाईला सगळी वस्ती कौतीमाय म्हणायची. वय विचारलं की सांगायची, "म्या जल्मले तवा मोजणारं कोणी न्हवतं." अंगानं शेलाटी, लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि मनगटावर बंद पडलेलं घड्याळ. कोणी वेळ विचारली की आधी गंभीरपणे घड्याळाकडं बघायची, मग सूर्याकडं, आणि बराबर वेळ सांगायची.

मी एकदा म्हणालो, "मावशी, तुझं घड्याळ बंद हाये."

"म्हाईत हाये. पण घड्याळाकडं न बघता सांगितलं तर तुम्ही गाववाले मानत न्हाई."

तिची एक सवय मला फार दिवस कळली नव्हती. संध्याकाळी टेकाडाच्या टोकावर उभी राहायची आणि वस्तीतल्या चुलींचे धूर मोजायची. एखाद्या छपरातून धूर निघाला नाही की सरळ त्या घरात जायची आणि मीठ मागायची. काय झालं, जेवला का, बरं वाटत नाही का, असं एक अक्षर विचारायची नाही. मीठ नसेल तर तेल मागायची, तेल नसेल तर काडेपेटी. मी म्हणालो, ज्याची चूल पेटली नाही त्याच्याकडंच मागतेस, लाज वाटत नाही का? ती म्हणाली, "त्याला द्यायला गेलं की तो अजून खाली बसतो. मागायला गेलं की उठावं तर लागतं." पुढं वस्तीत घरोघरी गॅस आला तेव्हा तिनं महिनाभर शिव्या घातल्या. "ह्या टाकीपायी माणूसच कळंना झाला," म्हणायची. शेवटी तिनं फर्मान काढलं, की चहा-भाजी खुशाल गॅसवर करा, पण भाकरी चुलीवरच झाली पाहिजे. बायांनी कुरकुर केली आणि ऐकलं. तिचं सगळेच आधी कुरकुर करून मग ऐकायचे.

आमची ओळख बोकडांची. वस्तीतल्या सगळ्या घरांचे बोकड विकायला तिच्या दारात यायचे, आणि भाव तीच करायची. म्हणजे भाव सोडून बाकी सगळं बोलायची. मी बोकडाच्या पाठीवर हात ठेवला की त्याच्या आईचं बाळंतपण सुरू. मी दात बघितले की त्याच्या आज्याची गोष्ट. मी चिडायचो. गमछा जमिनीवर आपटून "ठेवा तुमची बोकडं, लोणचं घाला!" म्हणत गाडीकडं निघायचो. मागून तिचा आवाज यायचा, "ही दुसरी खेप झाली रे व्यापाऱ्या. अजून एकदा जाऊन ये, मंग बोलू." शेजारी बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मी किती वेळा जाऊन परत येईन यावर त्यांची पैज लागलेली असायची, हे मला फार उशिरा कळलं.

खरा भाव आमच्याकडं तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा एका फडक्याखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे भोवतीच्या चार लोकांना पत्ता लागत नाही. कौतिकाबाई पदराखाली हात घ्यायची आणि बोट असं दाबायची, की भाव कमी करायच्या आधी मी हात सोडवून घ्यायचा विचार करायचो.

तिथंच मी ती शेळी पहिल्यांदा बघितली. उस्मानाबादी, काळीभोर, कान लांब, पाठ सपाट, चाल पाटलिणीसारखी. मी आयुष्यात हजारो शेळ्या बघितल्या, पण हिच्यापुढं माझे पाय थांबले.

"कोणाची हाये?"

"कोणाची न्हाई. पाव्हणी हाये."

"कोणाची पाव्हणी?"

"सध्याला शेजारणीची. बोकडाचं बोल."

मला वाटलं, भाव वाढवायची नवी तऱ्हा असेल. पुढच्या खेपेला शेळी दुसऱ्याच दारात. आता म्हणे हरीबाबाची पाव्हणी. मी भाव सांगितला, मान हलली. दीडपट सांगितला, मान हलली. असं तीन वर्षं चाललं. माझ्या बायकोनं, शोभानं, तर गमतीनं विचारलं होतं, "तिकडं सोयरीक जमवायची का शेळीसंगं?"

त्या शेळीचा उलगडा झाला तो माझ्या गाडीचा विमा खाल्ला गेला त्या दिवशी. मी जालन्याला निघालो होतो, मागं बोकडं भरलेली. वस्तीच्या वळणावर कौतिकाबाई रस्त्याच्या मधोमध उभी. शेजारी लता, विशीतली पोर, आणि लताच्या हातात शेळीची दोरी.

"मोठ्या दवाखान्यात जायाचंय. आम्ही तिघी."

"तिसरी कोण?"

तिनं शेळीकडं बोट केलं. मी म्हणालो, शेळी मागं बोकडांत चढवा. ती म्हणाली, "पाव्हणीला मागं बसवतो का कोणी?" शेवटी शेळी पुढच्या सीटवर, दोघींच्या मधी. राजूरच्या पुढं जाईपर्यंत तिनं डॅशबोर्डमधली गाडीची सगळी कागदं खाल्ली. मी ओरडत होतो आणि ती पोरगी, लता, हसायला लागली. कौतिकाबाईनं माझ्या बरगडीत कोपरखळी मारली, "अजून वरड." मी तिच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला काही कळलं नाही, पण मी आणखी ओरडलो.

दवाखान्याच्या दारात रखवालदारानं अडवलं. बाई म्हणाली, "हिला ताप हाये, केसपेपर काढ." तो काही केल्या हटेना, तेव्हा तिनं दोरी माझ्या हातात दिली आणि दोघी आत गेल्या. दोन तास मी नवीन जालन्यात भर रस्त्यावर शेळी धरून उभा. जो येईल तो विचारतो, "शेठ, कितीला देता?" ओळखीचे व्यापारी थांबून विचारतात. आणि मी, अंबादास, जन्मात पहिल्यांदा सांगतोय, "विकायची न्हाई."

येताना लता शेळीच्या पाठीवर डोकं ठेवून झोपली, तेव्हा बाईनं सांगितलं. ऊसतोडीवर लताचं बाळ गेलं होतं. परत आल्यापासून ती भिंतीकडं तोंड करून बसायची, आणि मला आता राहायचं नाही, एवढंच बोलायची.

वस्तीत देवीला शेळी सोडायची रीत फार जुनी आहे. सोडलेली शेळी विकायची नाही, कापायची नाही. आणि ती एकटी बांधायची नाही. ज्याच्या दारी ती असेल, त्याच्या दारी सगळ्या घरांनी आपल्या हातानं पाला नेऊन टाकायचा. पूर्वी ती पाळीपाळीनं घरोघर फिरायची. मग एका वर्षात वस्तीतली दोन माणसं आत्महत्येनं गेली. दुसरा कौतिकाबाईचा धाकटा भाऊ होता. वस्ती तीन दिवस चिंचेखाली बसली. कोणी म्हणालं बाहेरची बाधा झाली, कोणी म्हणालं देवी कोपली. बाई तिसऱ्या दिवशी बोलली.

"म्या म्हणलं, आपुन शेळी एकटी ठेवत न्हाई. मंग माणूस कसा ठेवला?"

तेव्हापासून पाळी बंद झाली. जो गप्प झाला त्याच्या दारी शेळी जायची. पाला टाकायला रोज कोणी ना कोणी यायचं, आलेल्यानं चहा प्यायचा, शेळीविषयी बोलायचं. ज्याच्या घरी ती असेल त्यानं तिला चारायला न्यायचं, आणि डोंगरात एकट्यानं जायचं नसल्यामुळं सोबतीला कोणी असायचंच. पिकावरचं औषध त्या घरात ठेवायचं नाही, कारण देवीच्या शेळीला त्याचा वास चालत नाही. हा नियम देवीचा का कौतिकाबाईचा, हे मी विचारलं. ती म्हणाली, "देवीनं नाही म्हणल्यालं न्हाई."

लताचा दवाखाना पुढं वर्षभर चालू होता. डॉक्टरीणबाई चांगली होती, आणि बाईनं एकही तारीख चुकवली नाही. "गोळी भी पाह्यजे, पाव्हणी भी पाह्यजे," म्हणायची. लताला मागच्या वर्षी मुलगी झाली. माझ्या गाडीचा विमा मात्र मलाच परत काढावा लागला.

पुढं ही गोष्ट कुठून तरी वर पोचली आणि जालन्याहून एक साहेब पाहणीला आले. तरुण होता, हातात फॉर्म. मी बोकडं भरायला गेलो होतो, म्हणून समोर घडलेलं सांगतो.

"तुमच्या उपक्रमाचं नाव?"

"पाव्हणी."

"अध्यक्ष?"

"देवी."

"लाभार्थी किती?"

"एक."

"एकच? कोण?"

"शेळी. बाकी आम्ही समदे तिचे गडी."

साहेबानं पेन खाली ठेवलं. बाईनं त्याच्या हातात दोरी दिली, "जरा धरा, म्या चहा टाकते." आणि ती गेली ती गेलीच. चहाला पाऊण तास लागला. साहेब आधी उभा राहिला, मग बाजेवर टेकला, मग शेळीचा कान खाजवायला लागला. शेजारी हरीबाबा बसला होता. त्याला कानानं अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळं त्याच्यापुढं माणूस काहीही बोलतो. मी गाडीच्या मागून ऐकलं. साहेब सांगत होता, की घर लांब आहे, बदली होत नाही, रात्र रात्र झोप लागत नाही. चहा आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्यानं एका कागदावर मदतीचा फोन नंबर लिहून दिला, कधीही लावा म्हणाला. बाईनं तो घडी करून शर्टाच्या खिशात घातला आणि म्हणाली, "चांगलं हाये. ह्यो नंबर तुमी सोता लावता का?" साहेब गडबडला. पुढच्या महिन्यात तो सुट्टीच्या दिवशी आला, फॉर्म न घेता. पाल्याची पेंढी घेऊन.

आता माझ्यावर येतो. त्याशिवाय फसवणूक कळणार नाही.

शोभा उन्हाळ्यात गेली. आजार मोठा होता, तीन महिने झुंजलो, आणि गेली. मुलगी पुण्याला सासरी. दहाव्या-तेराव्याला भाऊ, पाहुणे, गाव, सगळे होते. चौदाव्या दिवसापासून मी होतो. लपवून उपयोग नाही: त्या दिवसांत मला उद्याचा दिवस नको होता. कोणाला सांगितलं नव्हतं. गडी माणूस, व्यापारी माणूस, सांगणार कोणाला? मुलीचा रोज फोन यायचा, मी सांगायचो, मस्त चाललंय. भाऊ शेजारच्या त्यांच्या वाड्यातून हाक मारायचे, "बरंय ना रे?" मी म्हणायचो, बरंय. ते पुढं जायचे.

एक दिवस बाजारात कौतिकाबाईचा पुतण्या रामू बोकड घेऊन आला. त्यानं आकडा सांगितला, असाच, आभाळातला, कारण मी तो पाडणार हे त्याला माहीत होतं. मी त्याच्या हातावर पैसे ठेवले आणि दोरी घेतली.

रामू बोकड विकून खुशीत घरी जायला हवा होता. तो धावत वस्तीत गेला आणि ओरडला, "कौतीमाय, शेठनं भावच केला न्हाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या मळ्यातल्या घरी हजर. सोबत शेळी.

"घे. तीन वर्षं मागं लागला व्हता ना?"

"आता नको मावशी."

"पैसे नको मला. तुझा फवारणीचा पंप दे. आन् शेडातली औषधं दे, हायेत तेवढी समदी."

"पंप काय करणार तू?"

"फवारणार."

"कुठं? तुझी जमीन हाये का?"

"मंग हवेत फवारीन. तुला काय करायचंय? द्यायचा का न्हाई?"

आता तुम्हीच सांगा. एका बाजूला चार बाजारांत जोड नाही अशी शेळी, दुसऱ्या बाजूला एक पंप आणि उरलेसुरले डबे-बाटल्या. मन मेलेलं होतं, पण हात सवयीचा. मी तिच्या पदराखाली हात घातला आणि दोन बोटं दाबली. म्हणजे पंप घे, औषधं राहू दे. तिनं उलट काहीच दाबलं नाही. नुसता हात धरून ठेवला. या धंद्यात त्याचा अर्थ कोणताच आकडा होत नाही. मी वाट बघत राहिलो. तिचा हात खरखरीत आणि गरम होता. बऱ्याच वेळानं मीच म्हणालो, "ने सगळं."

रामू बैलगाडी घेऊन बांधाला उभाच होता. शेड झाडून नेलं त्यांनी. मग तिनं अटी काढल्या. शेळी एकटी बांधायची नाही. रोज संध्याकाळी वस्तीतली पाच माणसं पाला घेऊन येणार, त्यांना चहा पाजायचा.

"पाच? माझं घर म्हणजे हॉटेल हाये का? एक."

"चार."

"दोन. आन् चहा बिनदुधाचा."

"तीन. दूध पाव्हणीचं."

तीनवर सौदा ठरला. ती गाभण न राहणारी शेळी आहे, तिला दूधच नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणजे ही दुसरी फसवणूक. आणि तीन ठरले असताना सात यायचे.

मी काय मूर्ख होतो? लताला गाडीतून नेलेला माणूस मी. शेळी कोणाच्या दारी जाते हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी स्वतःला सांगितलं, की माझा मामला वेगळा आहे, मी ती विकत घेतली आहे. शेळी माझ्या दारात बांधलेली आणि मी रोज मनाशी घोकतोय, मी विकत घेतली आहे. बाईला हेच पाहिजे होतं. फुकट दिली असती तर मी दोरीसकट हाकलून दिली असती.

मग संध्याकाळी माणसं यायला लागली. रामू यायचा आणि शेळी वाळली म्हणून माझ्यावर डाफरायचा. लता मुलीला घेऊन यायची, आणि पोर माझ्या मांडीवर टाकून पाला तोडायला जायची. हरीबाबा यायचा आणि काही न ऐकता दोन तास बसायचा. त्याच्यापुढं मी शोभाविषयी बोललो. सगळं बोललो. उद्याचा दिवस नको, तेही बोललो. त्यानं मान डोलावली. पुढच्या आठवड्यात कौतिकाबाई मला जालन्याला त्याच डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेली तेव्हा मला संशय आला, की हरीबाबाला अजिबात ऐकू येत नाही हे कोणी तपासलेलं नाही.

चाळीस वर्षांत वस्तीतला माणूस माझ्या ओट्यावर बसलेला नव्हता. अंगणात उभं राहूनच बोलणं व्हायचं. मीही कधी बस म्हणालो नव्हतो, हे इथं लिहून ठेवतो. आता ते माझ्या कपांतून चहा पीत होते, आणि गावाचे डोळे मोठे झाले. एका संध्याकाळी थोरले भाऊ आले. सगळे बसलेले होते. भाऊ तिथंच म्हणाले, "अंबादास, ओट्यावर हा काय बाजार मांडला? आपल्या घराला काही नाव हाये का न्हाई?"

माझं डोकं सटकलं. किती महिन्यांनी सटकलं! मी गमछा आपटला. मी म्हणालो, "दादा, शोभा गेल्यावर चौदाव्या दिवशी तुम्ही कुठं व्हते? पंधराव्या? वाड्यातून बरंय का म्हणून वरडायचं, अन् मी बरंय म्हणलं की पुढं जायला मोकळं! हे लोक रोज येऊन राह्यले. बसायचं तर बसा, कप हाये. न्हाई तर वाट धरा!"

भाऊ गेले. आणि माझ्या मागं कौतिकाबाई टाळ्या वाजवत होती. "भांडला! शेठ भांडला!" तिनं माझ्याच डब्यातला गूळ काढून सगळ्यांना वाटला. मी म्हणालो, माझ्या घरात भावाभावांचं वैर झालं आणि तू गूळ वाटतेस? ती म्हणाली, "तू खा. तुझाच हाये." थोरले भाऊ चार दिवसांनी परत आले. कप घेतला नाही, पण बसले.

मी एकदा तिला विचारलं, "मावशी, वस्तीची शेळी गावात कशी आणली? मी भिल्ल न्हाई. देवी रागावली न्हाई का?"

"देवीला इचारलं. ती म्हणली, दुसरा व्यापारी बोकडाचा भाव पाडतो. ह्यो मेला तर आपलं नुकसान हाये."

मी शिवी दिली. ती हसली, मग थोडा वेळ शेळीच्या अंगावरची गोचीड काढत बसली. "माझा भाऊ तुमच्याच गावच्या रानात सालदार व्हता, शेवटच्या वर्षाला," ती म्हणाली. "तुम्हा कोणाच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्याबी न्हाई आलं. मंग आता मला गाव आन् वस्ती येगळं करता येत न्हाई." मी चहा टाकला.

कार्तिकात रामू बोकड घेऊन आला. आकडा सांगितला. मी म्हणालो, एवढ्यात तर तुझ्यासकट बोकड येईल. तो हटेना, मी हटेना. मी तीनदा पिकअपपर्यंत जाऊन आलो, तीनदा गमछा आपटला, शेवटी निम्म्यावर भाव ठरला. फार समाधान वाटलं. रामूचंही तोंड एवढं फुललं होतं, की मला वाटलं मी कुठं तरी चुकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर दावं रिकामं. शेळी नाही.

मी नदी ओलांडून धावत गेलो. कौतिकाबाई शेळीला घेऊन कपाशीच्या कडेनं निघाली होती, वस्तीच्या उलट दिशेला. मी बांधावरून ओरडलो, "मावशी! माझी शेळी!"

"बोलावणं आलंय तिला."

"मी विकत घेतली हाये! पंप दिलाय!"

"पंप आन् औषधं वस्तीच्या कुलपाच्या पेटीत हायेत. फवारायचं त्या दिवशी ये, रामू संगं येईल, फवारून परत पेटीत ठेव. समद्यांचे तसेच हायेत."

"आन् शेळी? तू मला इचारलं का?"

"तू काल भाव केला. बरा झालास."

"भाव केला म्हणून माणूस बरा झाला? हा कुठला कायदा? आन् ठरवलं कोणी?"

"पाला टाकणाऱ्यांनी ठरवलं. समदे बसले, समद्यांनी हात वर केला." ती थांबली नव्हती, चालता चालताच बोलत होती. "तुझी बी पाळी लागली आता. सांजच्याला पाला घेऊन ये."

"कोणाकडं?"

तिनं सांगितलं नाही. हातानं नुसतं ये म्हणाली आणि चालत राहिली. शेळीनं एकदा मागं वळून माझ्याकडं बघितलं. बाईनं नाही. शर्टाच्या लांब बाह्या, पुढं ओढ घेणारी दोरी, आणि कपाशीत दोघी दिसेनाशा झाल्या. असं नीट, चालतं-बोलतं मी तिला शेवटचं तेव्हाच बघितलं. पुढं थंडीत तिला ताप आला आणि ती म्हातारपणानं, झोपेत, माणसांनी भरलेल्या घरात गेली.

त्या संध्याकाळी मी पाला घेऊन गेलो. कोणाच्या दारी, ते सांगायचं नसतं. अजूनही जातो. पण याचा अर्थ मी प्रकरण मिटवलं असा कोणी काढू नये.

माझं म्हणणं साधं आहे. माझ्या पाठीमागं माझ्याविषयी सभा भरली. मी बरा झालो, असा निकाल दिला गेला. मला बोलावलं नाही, माझी बाजू ऐकली नाही. मी बरा होतो का? बहुतेक होतो. पण काही संध्याकाळी अजून नसतो, आणि हे मला विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार नव्हतं. कौतिकाबाई तर गेली, तिच्याकडून उत्तर मिळायचं नाही. पण हात वर करणारे हयात आहेत. रामू, तू होतास. लता, तू होतीस. हरीबाबा, तुम्हाला सगळं ऐकू येतं, तुम्हीही होता. सात जणांनी माझ्या ओट्यावर बसून चार महिने माझा चहा प्याला आणि शेळी गेली त्या दिवसापासून येणं बंद केलं. याचं उत्तर मला पाहिजे. निरोप पाठवलेला चालणार नाही, फोनवर बोललेलं चालणार नाही. एकेकानं समोर बसून सांगायचं, रोज एकानं, आणि माझं समाधान होईपर्यंत. माझं समाधान लवकर होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी मी घरीच असतो.